दूरच्या पक्ष्याची अंगठी आणि कॅमेऱ्यांचा बाजार



एका चुकीपासून सुरुवात करतो. चूक माझीच आहे, म्हणून ती सांगायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

काही वर्षांपूर्वी दौंडच्या एका शाळेतील विज्ञान मंडळाची मुले माझ्याकडे आली. त्यांना भिगवणला जाऊन पक्षी टिपायचे होते. दौंडहून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीने भिगवण फार लांब नाही. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि त्याचे पाणी मागे पसरत दौंड तालुक्याच्या कडेपर्यंत आले. ह्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात रोहित, पट्टकादंब, नाना जातींची बदके उतरतात. मुलांनी विचारले, "सर, कॅमेरा कोणता घ्यावा?" मी दुकानातल्या पेट्या पाहिल्या. एका पेटीवर मोठ्या अक्षरांत '६० पट झूम' असे लिहिले होते. मी म्हणालो, "हा घ्या."

त्या जानेवारीत मुलांना पाण्याच्या कडेला एक पट्टकादंब दिसला. त्याच्या पायात रंगीत कडे होते. पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ पक्षी पकडतात, त्याच्या पायात किंवा गळ्यात अक्षरे कोरलेले कडे घालतात आणि त्याला सोडून देतात. पुढे कोणी ती अक्षरे वाचून कळवली, की तो पक्षी कोठून कोठे गेला हे समजते. मंगोलियात गळपट्टे घातलेले पट्टकादंब हिमालय ओलांडून भारतात आल्याच्या नोंदी अशाच झाल्या आहेत. आपल्याकडे १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी हे काम अनेक वर्षे करीत आली आहे.

मुलांनी धडाधड फोटो काढले. घरी येऊन मोठे करून पाहिले, तर कड्याच्या जागी नुसता फिकट डाग! अक्षर एकही वाचता येईना. दुसऱ्या दिवशी मुले पुन्हा गेली, तेव्हा पक्षी तेथे नव्हता. तो कोठून आला होता हे आता कधीच कळणार नाही. मुले मला काही बोलली नाहीत. पण भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने पेटीवरची जाहिरात वाचून सल्ला दिला, हे मला फार लागले.

दोन गावे, एक कॅमेरा

पुढे शिरूरच्या एका शाळेतील विज्ञान मंडळही ह्या उद्योगात सामील झाले. शिरूर म्हणजे घोडनदीकाठचे गाव. तालुक्यात मोराची चिंचोली आहे, चिंचणीला घोड धरण आहे. शिरूरच्या मुलांना मोर टिपायचे होते, आणि तेही तिन्हीसांजेला, मोर झाडावर बसायला जातात तेव्हा. रद्दी विकून, गॅदरिंगला खाऊचा स्टॉल लावून आणि माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी घेऊन दोन्ही मंडळांनी मिळून सत्तर हजार रुपये जमवले. एवढ्या पैशात कॅमेरा एकच येणार. दौंडकर म्हणाले, "आम्हाला लांबचे दिसले पाहिजे." शिरूरकर म्हणाले, "आम्हाला अंधारात दिसले पाहिजे." भांडण जुंपले.

मी म्हटले, "ह्या वेळी पेटीवरचे काही वाचायचे नाही. मुंबईला गोरेगावात छायाचित्रणाच्या साहित्याचे मोठे प्रदर्शन भरते. तेथे सगळ्या कंपन्या एका छपराखाली असतात. प्रत्येक स्टॉलवर जाऊन तोच प्रश्न विचारायचा आणि तेच माप घ्यायचे. मग ठरवू."

अशी प्रदर्शने जगभर भरतात. जर्मनीतील कलोन येथे १९५० साली सुरू झालेले 'फोटोकिना' सर्वांत प्रसिद्ध होते. २०१८ नंतर ते भरले नाही. जपानमध्ये योकोहामाला २०१० पासून 'सीपी प्लस' भरते. आणि कॅमेऱ्यासाठी दूरचा प्रवास करणारे आपण काही पहिले नव्हे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा पसंत करून आले. त्या कॅमेऱ्याने त्यांनी चित्रपटाच्या आधी काय टिपले, ठाऊक आहे? वाटाण्याचे रोप! थोड्या थोड्या वेळाने एक एक चित्र घेऊन त्यांनी अंकुराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दाखवली. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी तर परदेशी यंत्राचा अभ्यास करून स्वतःच कॅमेरा घडवला आणि त्यावर १९२० सालचा 'सैरंध्री' चित्रित केला. यंत्र घेण्यापूर्वी ते समजून घ्यावे, ही आपल्याकडची चांगली परंपरा आहे.

दौंडची मुले सकाळच्या गाडीने निघाली, शिरूरची एस.टी.ने पुण्यास येऊन त्यांना मिळाली. दादरला उतरून लोकलने गोरेगाव गाठले. आमच्या पिशवीत चार वस्तू होत्या : मोजपट्टी, काळ्या कापडाचा तुकडा, आमचे स्वतःचे मेमरी कार्ड आणि रेल्वेच्या वेळापत्रकातले एक पान.

वेळापत्रकाचे पान कशासाठी?

कड्यावरचे अक्षर साधारण १ सेंटिमीटर उंचीचे आहे आणि पक्षी १०० मीटरवर आहे, असे धरू. प्रदर्शनाच्या गर्दीत १०० मीटर मोकळी जागा कोठून आणणार? पण आपल्याला अंतराशी कर्तव्य नाही, कोनाशी आहे. १०० मीटरवरील १ सेंटिमीटर आणि २० मीटरवरील २ मिलिमीटर डोळ्याशी सारखाच कोन करतात. वेळापत्रकातली अक्षरे मोजली, ती बरोबर २ मिलिमीटर भरली. तेव्हा एका मुलाने पान धरून २० मीटर दूर उभे राहायचे आणि स्टॉलवरच्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो घ्यायचा. दौंडला गाडी किती वाजता येते हे वाचता आले, तर कडेही वाचता येईल!

पहिला स्टॉल : झूमचे गौडबंगाल

स्टॉलना आपण क, ख, ग, घ म्हणू. नावे मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न कंपनीचा नसून प्रकाशाचा आहे.

'क' स्टॉल सर्वांत झगमगीत होता. भिंतीएवढे वाघाचे चित्र, संगीत आणि तोच '६० पट झूम, १२०० मि.मी.' असा फलक. मी पूर्वी घेतला होता तसाच कॅमेरा. एका मुलीने विक्रेत्याला विचारले, "काका, लेन्सवर तर २१५ मि.मी. लिहिले आहे. मग १२०० कोठून आले?" तो गृहस्थ हसला आणि म्हणाला, "ते समतुल्य माप आहे."

आता हे समतुल्य म्हणजे काय ते पाहा. लेन्सचे नाभीय अंतर म्हणजे दूरच्या वस्तूची प्रतिमा लेन्सपासून जेथे पडते तेवढे अंतर. ते ठरले की प्रतिमेचा आकारही ठरतो :

प्रतिमेची उंची = नाभीय अंतर × वस्तूची उंची ÷ वस्तूचे अंतर

सव्वा मीटरच्या आसपास उंचीचा रोहित पक्षी घेऊ, सोयीसाठी १.२ मीटर धरू. तो १०० मीटरवर आहे आणि लेन्स ३०० मि.मी.ची आहे. प्रतिमा ३०० × १.२ ÷ १००, म्हणजे ३.६ मि.मी. उंच पडेल. तिच्यामागे तुम्ही मोठा संवेदक ठेवा की छोटा, प्रतिमा ३.६ मि.मी.चीच राहील. (पूर्वी जेथे फिल्म असे, तेथे आता प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी जी चकती असते, तिला संवेदक म्हणतात.) संवेदक छोटा असेल, तर पक्ष्याभोवतीचे आकाश आणि पाणी कापले जाईल आणि पक्षी चौकटभर दिसेल. खिडकीतून देऊळ पाहताना खिडकी अर्धी लोटून घेतली, तर देऊळ मोठे होते काय? नाही, भोवतालचे कमी होते एवढेच. 'क' स्टॉलच्या कॅमेऱ्याचा संवेदक जेमतेम ६ मि.मी. रुंद होता. ३६ मि.मी. रुंदीच्या संवेदकावर १२०० मि.मी.ची लेन्स जेवढा भाग दाखवील, तेवढाच भाग येथे २१५ मि.मी.ची लेन्स दाखवते. १२०० ह्या आकड्याचा अर्थ इतकाच.

पिक्सेल मोजावेत की पिक्सेलची रुंदी?

मग 'ख', 'ग' आणि 'घ' स्टॉल झाले. तिन्हींकडे ३०० मि.मी.च्या लेन्स होत्या. संवेदक मात्र वेगवेगळे. मुलांनी संवेदकाची रुंदी आणि आडव्या ओळीतील पिक्सेलची संख्या विचारून भागाकार केले. एका पिक्सेलची रुंदी आली ती अशी (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) :

ख : रुंदी ३६ मि.मी., ६००० पिक्सेल. एक पिक्सेल ६ मायक्रॉन.
ग : रुंदी २३.५ मि.मी., ६००० पिक्सेल. एक पिक्सेल ३.९ मायक्रॉन.
घ : रुंदी १७.३ मि.मी., ५१८४ पिक्सेल. एक पिक्सेल ३.३ मायक्रॉन.

'ख' आणि 'ग' दोन्हींवर '२४ मेगापिक्सेल' असेच लिहिलेले होते! परंतु १०० मीटरवरील १ सेंटिमीटरचे अक्षर ३०० मि.मी.च्या लेन्समधून संवेदकावर ३० मायक्रॉन उंचीचे पडते. 'ख'मध्ये त्याच्या वाट्याला ५ पिक्सेल येतात, 'ग'मध्ये सुमारे ८ आणि 'घ'मध्ये ९. चौकटीच्या कागदावर ५ घरांत 'ठ' आणि 'ढ' काढून पाहा. फरक दाखवता येतो का?

वेळापत्रकाच्या फोटोंनीही हेच दाखवले. 'ख'मध्ये आकडे आहेत एवढे कळत होते, पण ३ की ८ ते ठरेना. 'ग' आणि 'घ'मध्ये गाडीची वेळ वाचता आली. दौंडकरांनी टाळ्या पिटल्या. शिरूरकर गप्प झाले.

येथेच आणखी एक हिशेब करून ठेवा. पिक्सेलची संख्या दुप्पट केली, म्हणजे २४ ची ४८ मेगापिक्सेल केली, तर बारकावा दुप्पट होत नाही. पिक्सेल लांबी आणि रुंदी अशा दोन्ही दिशांत वाटले जातात. म्हणून बारकावा २ च्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.४१ पटच वाढतो. किंमत किती पट वाढते, ते तुम्ही दुकानात विचारा.

मग 'क' का हरला?

चाणाक्ष वाचक म्हणेल, 'क'च्या कॅमेऱ्यात पिक्सेल तर आणखी बारीक, सुमारे १.३ मायक्रॉन. त्याच्यावर अक्षराला १६-१७ पिक्सेल मिळायला हवेत. मग चित्र डागाळलेले का?

ह्याचे उत्तर प्रकाशाच्या स्वभावात आहे. प्रकाश ही लहर आहे. ती लहानशा गोल छिद्रातून गेली, की थोडी पसरते. ह्याला विवर्तन म्हणतात. म्हणून उत्तमातल्या उत्तम लेन्समध्येही बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता छोटी चकती होते. दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात किमान किती कोन हवा, ह्याचे सूत्र असे :

कोन = १.२२ × तरंगलांबी ÷ छिद्राचा व्यास

छिद्राचा व्यास कसा काढायचा? लेन्सवर एफ/४, एफ/५.६ असे आकडे असतात. नाभीय अंतराला त्या आकड्याने भागले की व्यास मिळतो. 'क'ची लेन्स २१५ मि.मी. आणि एफ/५.९, व्यास ३६ मि.मी. 'ग' स्टॉलवरची ३०० मि.मी. आणि एफ/५.६, व्यास ५४ मि.मी. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरली, तर १०० मीटरवर 'क'ला सुमारे १.९ मि.मी. अंतरावरचे बिंदू वेगळे दिसतील, 'ग'ला १.२ मि.मी. अंतरावरचे. 'क'च्या संवेदकावर प्रकाशाची एकेक चकती पिक्सेलच्या पाच-सहा पट रुंद पडते. जाड टोकाच्या खडूने आलेखाच्या कागदावर बारीक अक्षरे काढावीत, तसा हा प्रकार! कागदावरची घरे कितीही बारीक केली, तरी खडू जाडच राहणार.

त्यात प्रकाशही कमी. पक्ष्याकडून येणारा प्रकाश लेन्सच्या तोंडातूनच आत शिरतो. पावसात घमेले ठेवले काय आणि वाटी ठेवली काय, तोंड जेवढे मोठे तेवढे पाणी अधिक. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५४ आणि ३६ ह्यांच्या वर्गांचे गुणोत्तर २.२५ येते. म्हणजे 'ग'ची लेन्स त्याच पक्ष्याकडून सव्वादोन पट प्रकाश गोळा करते.

काळ्या कापडाखाली

आता शिरूरकरांची पाळी आली. त्यांनी एक चांगली गोष्ट हेरली. प्रत्येक स्टॉलवर दिव्यांचा लखलखाट होता. अशा उजेडात कोणताही कॅमेरा गुणी दिसतो. लग्नाच्या बैठकीत मुलगा अदबीने वागतो, त्यात काय नवल!

हा फरक केवढा असतो? भरपूर दिव्यांच्या स्टॉलवर प्रदीपन १००० लक्सच्या आसपास असू शकते. सूर्यास्तानंतर चिंचोलीच्या झाडाखाली ते १० लक्सवर येते, म्हणजे शंभरावा भाग. संवेदनक्षमता १६०० आणि एफ/४ ठेवल्यास स्टॉलवर सुमारे १/४०० सेकंदात चित्र निघते. तेच चित्र झाडाखाली घ्यायला १/४ सेकंद लागेल. तेवढ्यात मोर मान वळवतो. समजा १०० मीटरवर बगळा सेकंदाला अर्धा मीटर चालला. ३०० मि.मी.च्या लेन्समधून त्याची प्रतिमा सेकंदाला दीड मिलिमीटर सरकते. १/४ सेकंदात ती ३७५ मायक्रॉन सरकेल. 'ख'च्या कॅमेऱ्यातही हे ६२ पिक्सेल झाले!

विक्रेते येथे एक उत्तर देतात : "आमच्या कॅमेऱ्यात कंपनरोधक आहे, पाच थांबे मिळतात." एक थांबा म्हणजे दुप्पट वेळ, पाच थांबे म्हणजे २ चा पाचवा घात, ३२ पट वेळ. ही सोय खरी आहे. कॅमेऱ्यातले सूक्ष्म जायरोस्कोप हाताचा कंप ओळखतात आणि संवेदक किंवा भिंग उलट दिशेने हलवतात. पण ती तुमच्या हाताचा कंप थांबवते, मोराची मान नव्हे. देवळाचा कळस टिपायचा असेल तर ती सोय घ्या. हलणारा प्राणी टिपायला प्रकाशच हवा.

मुलांनी काळे कापड पसरून त्याच्या सावलीत वेळापत्रकाचे पान धरले आणि सगळीकडे फोटो मागितले. एका स्टॉलवर "असे करता येणार नाही" म्हणून परत पाठवले. दुसऱ्या स्टॉलवर आमचे मेमरी कार्ड घालू दिले नाही. 'घ' स्टॉलवरच्या ताईंनी मात्र स्वतः कापडाचे टोक धरले आणि म्हणाल्या, "आजवर हे कोणी विचारले नव्हते."

शिरूरकरांना वाटत होते, की मोठा संवेदक असलेला 'ख' अंधारात सहज जिंकेल. पण एफ/५.६ची, ३०० मि.मी.ची लेन्स तिन्हींवर लावल्यावर पानावरील अक्षरांपुरते पाहिले, तर फार फरक दिसेना. मुले चक्रावली. मी म्हटले, "घमेल्याची गोष्ट आठवा. पानाकडून येणारा प्रकाश लेन्सच्या तोंडाने ठरला. तिन्हीकडे तोंड ५४ मि.मी.चेच. मग अक्षरावर पडणारा एकूण प्रकाश वेगळा कसा असेल?"

मोठ्या संवेदकाचा फायदा खरा आहे, पण तो कधी? चौकट पूर्ण भरण्याइतके तुम्ही जवळ जाऊ शकता, तेव्हा. लग्नाचा मंडप, वर्गाचा फोटो, डोंगररांग, ह्या ठिकाणी मोठा संवेदक एकूण प्रकाश अधिक घेतो आणि चित्र स्वच्छ येते. पक्षी दूर असेल आणि तुम्हाला पुढे पाऊल टाकता येत नसेल, तेव्हा लेन्सचे तोंड हाच खरा मोठेपणा. दुर्बिणी बांधणारे शास्त्रज्ञ आरशाचा व्यास का वाढवत नेतात, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

एवढ्यावर दोन गावांचे भांडण मिटले. दौंडला बारकावा हवा होता, शिरूरला प्रकाश. दोन्ही वाटा एकाच आकड्याकडे जात होत्या : लेन्सच्या छिद्राचा व्यास.

सोयरीक पाहून करावी

आणखी एक गोष्ट उरली होती. लेन्स कॅमेऱ्याला ज्या कड्याने जोडतात, ते बहुतेक कंपन्यांचे वेगवेगळे असते. कॅमेरा घेणे म्हणजे त्या घराण्याशी सोयरीक करणे. पुढे दहा वर्षे लेन्स त्याच कड्याला बसणाऱ्या घ्याव्या लागतात.

निकॉन कंपनीने १९५९ साली 'एफ' हा कॅमेरा काढला. त्यात कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मि.मी. होते, कारण मध्ये आरसा हलायला जागा लागे. २०१८ साली त्यांनी आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी 'झेड' हे नवे कडे आणले; त्यात हे अंतर अवघे १६ मि.मी. आहे. कॅननच्या १९८७ सालच्या 'ईएफ' कड्यात हे अंतर ४४ मि.मी. होते, २०१८ सालच्या 'आरएफ'मध्ये ते २० मि.मी. झाले. सोनीच्या 'ई' कड्यात ते १८ मि.मी. आहे.

आता गंमत पाहा. ४६.५ मधून १६ वजा केले, तर ३०.५ उरतात. म्हणून ३०.५ मि.मी. लांबीची नळी मध्ये बसवली, की निकॉनची जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालते. कॅननसाठी ही नळी २४ मि.मी.ची लागते. उलट मात्र करता येत नाही. नवी लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर लावायला उणे लांबीची नळी लागेल! जुन्या काही लेन्समध्ये प्रतिमा आपोआप स्पष्ट होत नाही, कडे हाताने फिरवावे लागते. पण काच जुनी झाली म्हणून प्रकाशाचे नियम बदलत नाहीत.

प्रदर्शनाच्या एका कोपऱ्यात जुन्या लेन्स विकणाऱ्याचे लहानसे दुकान होते. तेथे ना संगीत होते, ना वाघ. तेथे ३०० मि.मी., एफ/४ची एक लेन्स मिळाली. तोंडाचा व्यास ७५ मि.मी.! ७५ आणि ३६ ह्यांच्या वर्गांचे गुणोत्तर काढून पाहा. माझ्या जुन्या सल्ल्यापेक्षा चौपटीहून अधिक प्रकाश. मुलांनी बुरशी आहे का, ओरखडे आहेत का, ते विजेरी लावून पाहिले. त्या दुकानाच्या कपाटात ॲग्फाचा क्लिक थ्री कॅमेराही होता. तो मी लहानपणी वडिलांच्या हातात पाहिला होता. एका रिळात बारा फोटो निघत, म्हणून वडील प्रत्येक फोटोपूर्वी विचार करीत. मेमरी कार्डात हजारो फोटो मावतात. विचार करायची सवय मात्र त्यात मावत नाही, ती वेगळी लावून घ्यावी लागते.

त्या दिवशी आम्ही काहीच विकत घेतले नाही. फक्त नोंदी आणि फोटो घेऊन परतलो, पुण्यात बसून पुन्हा हिशेब तपासले आणि मगच ठरवले. निम्म्याहून अधिक पैसे त्या लेन्सवर आणि भक्कम तिकाटण्यावर गेले. 'ग'च्या प्रकारातला एक वापरलेला कॅमेरा उरलेल्या पैशात बसला.

पुढे काय झाले?

कॅमेरा कोणाकडे राहणार, हा वाद निसर्गानेच सोडवला. पाहुणे पक्षी हिवाळ्यात येतात, मोर पावसाळ्यात नाचतात. म्हणून हिवाळ्यात कॅमेरा दौंडला आणि पावसाळ्यात शिरूरला असतो.

ह्या जानेवारीत मुलांनी भिगवणच्या काठावर एका पुठ्ठ्यावर १ सेंटिमीटर उंचीची अक्षरे लिहिली आणि दोरीने १०० मीटर मोजून तो उभा केला. सकाळी सात वाजता काढलेल्या फोटोत सगळी अक्षरे वाचता आली. दुपारी बारा वाजता तीच अक्षरे थरथरत होती, कारण तापलेल्या जमिनीवरची हवा उसळत होती. त्यावर कोणत्याही लेन्सचा इलाज नाही. 'पहाटे जायचे' असे मुलांनी वहीत लिहून ठेवले.

कडे घातलेला पक्षी अजून पुन्हा दिसलेला नाही. पण तो दिसेल तेव्हा मुले तयार असतील.

मित्रहो, तुम्हीही एक प्रयोग करा. कागदावर २ मिलिमीटर उंचीचे दहा आकडे लिहा. मित्राला कागद धरून उभा करा आणि घरातल्या मोबाइलने ५, १० आणि २० मीटरवरून फोटो काढा. किती अंतरापर्यंत सगळे आकडे वाचता येतात? मग तोच प्रयोग सूर्य मावळल्यावर करा. मिळालेली अंतरे शेजारी शेजारी लिहा. त्या दोन आकड्यांमधील फरक कोणत्याही पेटीवर छापलेला नसतो, आणि कॅमेरा पारखायला तोच आधी पाहावा लागतो.